तोंडओळखीचं भांडवल

नोकरी बदलायची असो की धंद्याला नवं गिऱ्हाईक हवं असो, आपल्याला आधी आतेभाऊ आठवतो, मग शेजारी, मग वर्गमित्र. माणूस जितका जवळचा तितका उपयोगाचा, हे आपण धरूनच चालतो. लिंक्डइनवर किंवा फेसबुकवर गेल्यावरही ही सवय सुटत नाही. तिथंही आपण आपल्याच माणसांना जोडतो, त्यांच्या बढत्यांचं अभिनंदन करतो, त्यांच्याकडून आपलं करून घेतो आणि आपला जनसंपर्क दांडगा आहे अशी समजूत करून घेतो. माझ्या मते या माध्यमांचा व्यावसायिक उपयोग जिथं सुरू होतो, तिथवर आपण पोचतच नाही.

हे कळायला इंटरनेटच्या आधीचा एक अभ्यास उपयोगी पडतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या व्यवस्थापक, तंत्रज्ञ अशा लोकांना गाठलं. या जागेची खबर कुणी दिली आणि तो माणूस तुम्हाला तेव्हा कितीदा भेटत असे, असं त्यानं विचारलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना खबर देणारा माणूस आठवड्यातून दोनदा तरी भेटणारा होता. जवळपास २८ टक्क्यांच्या बाबतीत तो वर्षातून एकदा किंवा त्याहूनही क्वचित भेटणारा निघाला, उरलेले मधले. खबर मित्रानं दिली का, असं विचारलं की पुष्कळजण त्याला दुरुस्त करत: मित्र कसला, नुसती ओळख आहे. एका नियतकालिकानं १९६९ मध्ये नाकारलेला त्याचा हा विचार १९७३ मध्ये दुसरीकडे छापून आला आणि आज समाजशास्त्रात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या लेखांत त्याची गणना होते. कारण साधं आहे. जवळच्या माणसांची आपल्यासाठी धडपडायची तयारी असते, पण त्यांना ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते, आणि तिथं आपलं कुणी असलंच तर ते तोंडओळखीचं असतं.

मुंबईनं याची दुसरी बाजूही पाहिली आहे. कापडगिरण्यांत जॉबर, म्हणजे मुकादम, माणसं भरायचा ती बरीचशी आपल्या गावची, आपल्या जातीची. रत्नागिरीहून, साताऱ्याहून आलेल्या पोराला गावकऱ्यांच्या खोलीत पथारी मिळायची, खानावळीत उधारी चालायची आणि खात्यात बदलीचं काम मिळायचं. या साखळीनं लाखो माणसांना जगवलं, हे विसरून चालणार नाही. पण तिची किंमतही होती. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरमधल्या शाळांचे आणि कुटुंबांचे वीस वर्षांचे तपशील तपासून २००६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. नव्वदच्या दशकात पांढरपेशा कामांचा मोबदला झपाट्यानं वाढला, तरी कामगार जातींमधले मुलगे मराठी शाळांतून बापाच्याच वाटेनं जात राहिले, कारण त्या वाटेवर हात द्यायला जातभाई उभे होते. मुलींना या साखळीत पूर्वी जागाच नव्हती. त्या भराभर इंग्रजी शाळांकडे वळल्या आणि नव्या संधींपर्यंत पोचल्या. (मराठी शाळांच्या कैवाऱ्यांनी, त्यात मीही आलो, हा निष्कर्ष भाषेविरुद्धचा मानू नये. मुलाची वाट त्याच्या आधीच ठरून गेलेली असणं, हा खरा मुद्दा आहे.)

आता व्हॉट्सअॅपच्या एका गटात १,०२४ माणसं मावतात. पण ती सगळी एकाच समाजाची, एकाच बॅचची असतील, तर गिरणगावातली ती खोलीच मोठी झाली एवढंच.

ग्रॅनोव्हेटरचं म्हणणं ऑनलाइन टिकतं का, हेही तपासून झालं आहे. 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून लिंक्डइन जी नावं सुचवतं, त्या सुचवण्यात २०१५ ते २०१९ या काळात जगभरातल्या २ कोटींहून अधिक लोकांच्या बाबतीत मुद्दाम फेरफार करण्यात आले. काहींना दूरच्या ओळखी जास्त सुचवल्या, काहींना जवळच्या. आपण अशा प्रयोगात आहोत याची त्या लोकांना कल्पना नव्हती, आणि २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष आल्यावर त्यावर टीका झाली ती रास्तच होती. निष्कर्ष मात्र मोलाचे आहेत. नोकरी बदलायला सर्वाधिक मदत झाली ती मध्यम दूरच्या ओळखींची: अगदी परकाही नाही आणि रोजचाही नाही, असा माणूस. शिवाय हे संगणकाधारित क्षेत्रांत अधिक खरं ठरलं. जिथं संगणकाचा वावर कमी, तिथं जवळचीच नाती जास्त कामी आली. म्हणून घरगुती वायरिंग करणाऱ्याला लिंक्डइनवर बसवण्यात अर्थ नाही. त्याला सोसायटीचा व्हॉट्सअॅप गट पुरतो.

दूरच्या ओळखी हव्या असतील, तर त्यांना आपलं काम कळेल असं लिहावंही लागतं. समजा, कोल्हापूरजवळ शिरोलीत एकाची फाउंड्री आहे. लिंक्डइनच्या आपल्या पानावर तो स्वतःला 'ध्येयवेडा उद्योजक' म्हणवतो आणि रोज सकाळी एक सुविचार टाकतो. गाववाले वाहवा करतात. पण कोइमतूरच्या पंप कारखान्यात खरेदी पाहणारा माणूस 'ध्येयवेडा' हा शब्द शोधत नाही. तो शोधतो ग्रे आयर्न कास्टिंग, वजन किती ते किती, महिन्याला किती टन, मशिनिंग करून मिळेल का. एवढं पानावर लिहिलं, आणि कास्टिंगमध्ये छिद्रं का पडतात यावर अधूनमधून चार ओळी टाकल्या, तर वाहवा कमी होईल. पण अनोळखी माणसाला विश्वास ठेवायला काहीतरी हाताशी लागेल.

मागण्याची रीतही बदलावी लागते. वशिला लावायची सवय असलेल्याला छोटं मागता येत नाही. 'सर, प्लीज रेफर करा' या निरोपात समोरच्यानं आपली पत पणाला लावावी अशी अपेक्षा असते, तीही नाव वाचून चेहरा न आठवणाऱ्या माणसासाठी. त्याऐवजी 'तुमच्याकडे हे काम कोणता विभाग पाहतो?' असं विचारलं, तर उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात आणि कुणाची पत खर्ची पडत नाही.

या सगळ्याचा सर्वाधिक उपयोग ज्यांना होईल, त्याच या माध्यमांवर सर्वांत गप्प असतात. मुलांसाठी किंवा आजारपणासाठी पाच-सात वर्षं नोकरी सोडलेल्या बायकांबद्दल मी बोलतो आहे. खंड पडला की जवळची नाती शाबूत राहतात. आधी सुटतात त्या कामाच्या ठिकाणच्या तोंडओळखी. सांगण्यासारखं काही घडलेलं नाही म्हणून त्या लिहीत नाहीत, आणि पुन्हा सुरुवात करताना अनोळखी कंपन्यांना अर्ज धाडत बसतात. त्याआधी जुन्या ऑफिसात वर्षातून एकदा येणारा ऑडिटर, माल पुरवणाऱ्या कंपनीतली ती बाई, शेजारच्या विभागातून दुसरीकडे गेलेला सहकारी यांना गाठावं. त्यांना पहिल्याच निरोपात नोकरी मागू नये. हल्ली तुमच्याकडे हिशेब कोणत्या सॉफ्टवेअरवर चालतात, एवढंच विचारावं.