न जन्मलेल्याचे ऋण

काही वर्षांपूर्वी सौंसरकडील आमच्या परिचयाच्या एका घरी मूल जन्मास आले, ते पाठीचा कणा उघडा घेऊनच. मूल थोडेच दिवस जगले. समाचारास जमलेल्या मंडळींत कुजबूज सुरू झाली, की सुनेने ग्रहणात विळी हाती धरली होती, त्याचेच हे फळ. ती मुलगी भिंतीशी मान खाली घालून बसली होती. आम्ही तेथे होतो, आणि आम्ही काही बोललो नाही. ते न बोलणे आजही आमच्या मनास टोचते. म्हणून हा विषय सभासद कुटुंबांपुढे मांडीत आहोत.

गर्भातील जीवाच्या व्यंगाचा दोष कोणाकडे जातो? आणि ज्याचे अस्तित्वच अद्याप कोणास ठाऊक नाही, त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य असू शकते काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीच्या बाजूस पेशींचा एक चपटा पट्टा जाड होऊ लागतो. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मधोमध पन्हळ पडते, आणि कडा एकमेकींस मिळून एक नळी तयार होते. सुमारे 22व्या दिवशी मानेच्या जागी हे जुळणे सुरू होते. डोक्याकडील तोंड सुमारे 25व्या दिवशी मिटते, खालचे 28व्या दिवशी. या नळीच्या वरच्या भागाचा मेंदू होतो व खालच्या भागाचा मज्जारज्जू. खालचे तोंड उघडे राहिले तर कणा दुभंगलेला राहतो. वरचे राहिले तर मेंदू व कवटी पुरती घडतच नाही आणि असे मूल जगत नाही. प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात.  त्या साऱ्या इमारतीचा पाया या चार आठवड्यांतला आहे.

आणि या चार आठवड्यांत घरात कोणास काय ठाऊक असते? पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. सुनेच्या मनात शंका येते न येते, सासूबाईंच्या कानी तर ती गोष्ट गेलेलीही नसते, तोच ती नळी मिटून गेलेली असते, किंवा उघडी राहून गेलेली असते.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात एक मनोज्ञ वाद आला आहे. गर्भाचे कोणते अंग प्रथम उत्पन्न होते? शौनक म्हणतात शिर, कृतवीर्य म्हणतात हृदय, कोणी नाभी म्हणतो, कोणी हातपाय. धन्वंतरींचे मत असे, की सर्व अंगे एकदमच उत्पन्न होतात. परंतु वेळूच्या कोंबात अथवा कोवळ्या आंब्यात जसे सर्व भाग असूनही सूक्ष्मतेमुळे दिसत नाहीत, तसेच हे. आजच्या शास्त्राने अवयवांचा क्रम निश्चित केला आहे, त्यामुळे ते मत अक्षरशः मान्य करता येत नाही. तथापि त्यातील एक बोध आम्हांस मोलाचा वाटतो : जे दिसत नाही, ते नाहीच असे समजू नये.

अभिमन्यूची लोकप्रसिद्ध कथा सांगून गर्भसंस्काराचा महिमा आपण गातो. गर्भास ऐकू येऊ लागते ते सुमारे सहाव्या महिन्यात. तेव्हा मातेच्या कानी चांगले शब्द पडावेत हे योग्यच. परंतु कान फुटण्याच्या कितीतरी आधी जो संस्कार घडतो, तो अन्नाचा.

या ज्ञानाचा एक धागा आपल्या मुंबईतून निघालेला आहे. 1928 साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या व गिरणीत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करू लागल्या. निकृष्ट आहार हे त्याचे मूळ, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी दाखविले. 1941 साली पालकाच्या पानांतून जे द्रव्य वेगळे काढण्यात आले ते फॉलिक ॲसिड याच शोधाच्या मार्गावरचे. लॅटिनमधील पानाच्या नावावरूनच त्याचे नाव पडले. पुढे 1991 साली ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेने सात देशांत केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांना पूर्वी असे मूल झाले होते, त्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून हे द्रव्य घेतले असता ती आपत्ती पुन्हा येण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले.

‘आधीपासून’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. संत्र्याची कलमे पावसाळ्यात लावायची, तर खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावे लागतात, हे पांढुर्ण्याच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. कलम हाती नसताना तो त्याच्यासाठी घाम गाळतो. मग न आलेल्या बाळासाठी आधी तयारी करणे अशक्य कसे? हे द्रव्य हिरव्या पालेभाज्यांत, डाळींत आणि आपल्या संत्र्यांतही असते. आपल्या बागांतली संत्री देशभर जातात. घरातल्या सुनेचे पान मात्र अनेक ठिकाणी अजून शेवटी वाढले जाते, आणि त्यावर उरलेसुरलेच पडते. केवळ आहारावर न विसंबता, मूल व्हावे अशी इच्छा धरल्यापासून पहिले तीन महिने पुरे होईपर्यंत रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी असे शास्त्र सांगते. पूर्वी असे मूल झाले असल्यास मात्रा अधिक लागते. ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

येथे एक सावधगिरी हवी. एवढे करूनही प्रत्येक व्यंग टळत नाही. आनुवंशिकता, मधुमेह, फेफऱ्यावरील काही औषधे अशी इतर कारणेही आहेत. तेव्हा ग्रहणाच्या जागी गोळी आणून पुन्हा त्याच आईला अपराधी ठरवणे, हा नवा अन्याय होईल. कर्तव्य पुढे पाहते. दोषारोप मागे पाहतो, आणि बहुधा सर्वांत दुबळ्या माणसावर जाऊन थांबतो. महाभारतातील अष्टावक्राची कथा आठवावी. गर्भातले मूल आठ ठिकाणी वाकडे झाले ते पित्याच्या रागाने. कथाकाराने मातेस बोल लावलेला नाही. आणि त्याच वाकड्या देहाच्या मुलाने जनकाच्या सभेत वाद जिंकून पित्यास परत आणले. व्यंगाने माणसाची योग्यता ठरत नाही, हेही त्या कथेत आले.

पितृऋण संततीने फिटते असे आपण मानतो. म्हणजे आपल्या धर्मात हिशेब केवळ मागच्यांचा नाही, पुढच्यांचाही आहे. ज्याचे नाव नाही, रूप नाही, ज्याची चाहूलही नाही, तोही आपला धनको आहे. आणि ते ऋण एकट्या आईचे नसून पती, सासू, सासरे, सर्व घराचे आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच. देवास नैवेद्य दाखविल्यावर घरातल्या लेकीसुनांचे पान सर्वांबरोबर वाढावे, आणि त्यावर पालेभाजी व फळ असावे. आणि कोणा घरी दुःख झालेच, तर तेथे ‘बाई, यात तुझा दोष नाही’ एवढे शब्द बोलण्यास कोणीतरी पुढे व्हावे. आम्ही त्या दिवशी झालो नाही.