होकार कोणाचा?

मृत्यूनंतरच्या देहदानाची थोरवी आपण पुष्कळ ऐकतो. पण देह चालता-बोलता असताना त्यातला एक भाग काढून द्यायचा, तर त्याचा विचार कसा करावा? वसईच्या होळी भागातले घर असो की पंढरपुरातले, घरात कोणाची मूत्रपिंडे निकामी झाली आणि डायलिसिस सुरू झाले, की हा प्रश्न उंबरठ्यावर येऊन उभा राहतोच.

पूर्वी त्याचे अर्धे उत्तर रक्तच देई. ज्या खुणांवरून रक्तगट ठरतो, त्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांवरही असतात. ए गटाचे मूत्रपिंड बी गटाच्या देहात बसवले, तर तिथली प्रतिद्रव्ये त्यावर तुटून पडत. भाऊ असो वा पत्नी, गट जुळला नाही की विषय संपे.

1980 च्या दशकात बेल्जियम आणि जपानमधल्या शल्यवैद्यांनी यातून वाट काढली. आधी रोग्याच्या रक्तातली ती प्रतिद्रव्ये काढून टाकायची, नवी होऊ नयेत म्हणून औषधे द्यायची आणि मग रोपण करायचे. नवल असे की, पहिले काही आठवडे निभावले तर प्रतिद्रव्ये परतली तरी मूत्रपिंड सहसा त्यांच्यासह नांदते. आज भारतातही अशी रोपणे होतात.

पण ते टिकते का? 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 40 अभ्यासांचा आढावा आला. जुळत्या गटाच्या रोपणापेक्षा यात पहिल्या काही वर्षांत जिवाचा धोका अधिक. संसर्ग व रक्तस्रावही अधिक. पुढे मात्र अंतर घटत जाते, आणि आठ वर्षांनंतर दोन्हींत म्हणण्यासारखा फरक उरत नाही. म्हणजे भीती खरी, आणि आशाही खरी.

आता खरी गोम पाहा. ज्याचे मन तयार नसे, त्याला ‘गट जुळत नाही’ या शब्दांचा आडोसा होता. विज्ञानाने तो आडोसा काढून घेतला. आता सारे घर एकाच माणसाकडे पाहते, आणि बहुधा ती बाई असते. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रियाच आहेत. ‘तू नाही दिलेस तर कोण देणार?’ असे सासरच्यांनी विचारल्यावर तिने दिलेल्या होकाराला दान म्हणावे काय?

कोणी म्हणेल, अहो, माणूस मरणाच्या दारी असता असली चिकित्सा कसली? पण द्यावे असे स्वतःच्या मनाने म्हणणे हा धर्म. ‘दे’ म्हणून दुसऱ्याने गळ्याशी येणे ही वसुली. देणाऱ्यालाही शस्त्रक्रियेचा धोका असतो, आणि पुढे जन्मभर एका मूत्रपिंडावर तपासण्या करत राहावे लागते. कायद्यालाही हे कळते. 2014 च्या नियमांप्रमाणे दाती स्त्री असेल, तर तिच्या स्वतंत्र संमतीची खात्री रोग्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी लागते. 2011 च्या दुरुस्तीने दोन कुटुंबांत दात्यांची अदलाबदल करण्याचीही सोय केली आहे.

कायदा इस्पितळाच्या दारापर्यंत येतो. घरातल्या बोलण्यावर त्याचा पहारा नसतो. म्हणून तिला एकटीला बसवून डॉक्टरांशी बोलू द्यावे. ती नाही म्हणाली, तर पुन्हा विचारू नये, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या ताटात नेहमीच्याच मायेने वाढावे. ज्या घरात नकार पचतो, त्याच घरातला होकार दान ठरतो.