न मागता मिळालेले पुस्तक



"मी कोणाचा पैसा बुडवला नाही, कोणाचे वाईट चिंतले नाही. मग मला तारणाची गरज ती कसली?" असा प्रश्न आपल्यातले पुष्कळजण मनात विचारतात. पापनिवेदनाच्या रांगेत उभे असतानासुद्धा विचारतात!

आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात करजगावी १८६१ साली जन्मलेले कवी नारायण वामन टिळक काही वाईट चालीचे गृहस्थ नव्हते. विद्वान होते, देवाचा ध्यास घेतलेले होते. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो मागितला नव्हता. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते प्रोटेस्टंट पंथात गेले, ही गोष्ट खरी. पण कृपा आधी येते आणि माणूस मागाहून उत्तर देतो, हे त्यांच्या आयुष्यात स्वच्छ दिसते.

आता ते प्रवचन नीट वाचून पाहा. खून करू नका, एवढ्यावर प्रभू थांबत नाही. भावावरचा राग तो न्यायासनापुढे आणतो. नुसती वाईट नजरही तो सोडत नाही. या मापाने मोजले तर आपल्यातला सज्जनातला सज्जन कुठे उरतो? बांधावरून वीस वर्षे न बोलणारे दोन भाऊ एकाच मिस्सेला येतात, आणि दोघांनीही कोणाचे वाईट केलेले नसते! म्हणूनच प्रभू त्या प्रवचनाचा आरंभ कर्तबगारांपासून करीत नाही. देवापुढे ज्यांचे हात रिकामे आहेत, त्यांना तो पहिल्याने धन्य म्हणतो.

मग सत्कृत्ये कशाला करायची? आपला शेतकरी राब भाजतो, बांध घालतो, बी पेरतो. पाऊस ही काही त्या कष्टांची मजुरी नव्हे. पण म्हणून कोणी शेत पडीक ठेवून पावसाची वाट पाहत नाही. (फरक एवढाच की, कृपेच्या बाबतीत नांगर धरण्याचे बळही वरूनच येते. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने पेलाजियसशी वाद घातला तो याचसाठी.) या प्रश्नावरून ख्रिस्तसभा सोळाव्या शतकात दुभंगली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी एकत्र सही करून मान्य केले की, देव आपल्याला स्वीकारतो तो आपल्या पुण्याईमुळे नव्हे, तर कृपेने. आणि तीच कृपा आपल्याला सत्कृत्यांसाठी बळ देते.

"आधी सुधारतो, मग चर्चला येतो," असे म्हणणारेही आपल्या ओळखीचे असतात. वरवर नम्र वाटणारे हे बोलणे मला त्या पहिल्या प्रश्नाचेच भावंड वाटते. दोघांनाही आपला हिशेब आपणच चुकता करायचा आहे.

कृपा जबरदस्ती मात्र करीत नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना पतीचा निर्णय मुळीच पटला नव्हता. त्या आपल्या वेळेने, आपल्या विचाराने १९०० साली बाप्तिस्म्याला आल्या. तोवर पाच वर्षे गेली होती.