वणवा आणि शेजार

गेल्या वर्षी जूनमध्ये विमा कंपनीचं पत्र आलं. सोबत आमच्या घराचा आकाशातून घेतलेला फोटो होता. पन्हळीत साचलेल्या पाइनच्या वाळक्या काड्या, भिंतीला टेकलेलं लाकडी कुंपण, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली हौसेने चढवलेला जाईचा वेल आणि डेकखाली रचून ठेवलेली लाकडं, या चारही गोष्टींभोवती लाल वर्तुळं काढलेली होती. सोळा वर्षं हप्ता एकदाही चुकला नव्हता. तरी आता पॉलिसीचं नूतनीकरण होणार नाही, अडीच महिन्यांत दुसरी सोय बघा, असा मजकूर होता.

आम्ही कॅलिफोर्नियात, ओकलंडच्या टेकड्यांवर राहतो. त्याच शनिवारी मी शिडी लावून वर चढलो. पन्हळीत हात घातला तर काड्या कोपरापर्यंत लागल्या. वरचा थर तपकिरी, खालचा काळपट आणि सगळा इतका कोरडा की मुठीत धरताच त्याचा चुरा व्हायचा. मूठभर काड्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या सिंकमध्ये ठेवून काडी लावली. फुंकरही घालावी लागली नाही. आणि हे सगळं बरोबर वळचणीच्या वर, पोटमाळ्याच्या झरोक्यापासून वीतभर अंतरावर होतं. पत्राचा राग तोवर मनात होता, तो तिथेच ओसरला. कंपनीने दाखवलेला दोष खरा होता.

वणव्यात घर जळतं म्हणजे काय होतं, याची आपल्या मनातली कल्पना बहुतेक चुकीची असते. झाडाएवढ्या ज्वाळांची भिंत डोंगर उतरत येते आणि घर गिळते, असं चित्र आपण धरून चालतो. अमेरिकी वनखात्याच्या मिझूला इथल्या प्रयोगशाळेतले जॅक कोहेन यांनी उभी हयात हा समज तपासण्यात घालवली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात मुद्दाम लावलेल्या आगींसमोर त्यांनी लाकडी भिंती उभ्या केल्या. शेंड्यांपर्यंत पेटलेल्या जंगलापासून दहा मीटरवरच्या भिंतींनी काही वेळा पेट घेतला, पण वीस मीटर आणि त्यापलीकडच्या भिंती पेटल्या नाहीत. ज्वाळांची धग फार लांब पोचत नाही. घरापर्यंत पोचतात ते वाऱ्यावर आलेले निखारे. ते पन्हळीत पडतात, झरोक्याच्या जाळीतून पोटमाळ्यावर शिरतात, पायपुसण्यावर, दाराशी पसरलेल्या लाकडाच्या ढलप्यांवर बसतात. घराचं काय होणार हे घर स्वतः आणि त्याच्या सभोवतालचे तीस ते साठ मीटर ठरवतात, असा कोहेन यांचा निष्कर्ष आहे.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज या गावाचे आगीनंतरचे फोटो पाहिले की हे पटतं. 8 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी लागलेल्या ‘कॅम्प फायर’ नावाच्या वणव्याने त्या परिसरात 85 माणसं मारली आणि 18 हजारांहून अधिक इमारती जाळल्या. सुमारे 26 हजार वस्तीचं गाव जवळजवळ एका दिवसात संपलं. त्या फोटोंमध्ये घरांच्या जागी राखेचे चौकोन दिसतात आणि त्या चौकोनांच्या मधोमध हिरवे पाइन उभे असतात. घराने घर पेटवलं. झाडं मागे राहिली.

इथपर्यंतचा हिशेब प्रत्येक घरमालकाला गळी उतरवता येतो: तुझं घर, तुझी पन्हळ, तुझी जबाबदारी. विमा कंपन्यांची सगळी मांडणी याच पायावर आहे आणि सरकारची बरीचशी. मीही ती मानली. कुंपणाचा भिंतीजवळचा दोन मीटरचा भाग काढून लोखंडी जाळी बसवली. झरोक्यांना तीन मिलिमीटरपेक्षा मोठं भोक नसलेली जाळी लावली. जाईचा वेल काढताना जीव कळवळला, पण काढला. भिंतीलगत पाच फुटांत आता खडी आहे.

रविवारी राजापूरला मामाला फोन लावला तेव्हा हे सगळं त्याला सांगितलं. सत्तरी ओलांडलेला मामा आजही स्वतःची कलमं राखतो. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एकच गोष्ट विचारली, "अरे, पण शेजाऱ्यांचं काय? त्यांच्या बाजूला गवत तसंच असेल तर तुझा पट्टा काय कामाचा?"

आमच्या शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक बाई राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच असतात. आमच्या आणि त्यांच्या भिंतीत चार मीटरचं अंतर आहे आणि त्यांच्या बाजूला ज्युनिपरची जुनी दाट बाग आहे, बाहेरून हिरवी आणि आतून वाळलेल्या फांद्यांचा गोळा झालेली. हे अंतर का महत्त्वाचं, ते पॅराडाइजच्या घरांच्या पुढे झालेल्या बारकाईच्या अभ्यासातून कळतं. 1997 पूर्वी बांधलेल्या घरांपैकी जेमतेम 11-12 टक्के वाचली होती, नंतरच्यांपैकी 40 टक्क्यांच्या आसपास. नव्या बांधकामाचा फायदा उघड आहे. पण घर वाचणार की जळणार हे सांगणाऱ्या गोष्टींत सगळ्यांत वर होतं ते जळालेल्या सर्वांत जवळच्या घरापासूनचं अंतर. माझ्या खडीच्या पट्ट्याची किंमत शेजारणीच्या ज्युनिपरवर ठरते, आणि तिच्या घराची किंमत माझ्या पन्हळीवर. विमा कंपनीच्या फोटोत लाल वर्तुळं होती ती फक्त माझ्या हद्दीत.

मामाचा प्रश्न त्याच्या अनुभवातून आला होता. माझ्या आजोळी सड्यावरचं गवत माघात वाळून कडक होतं. त्याआधी कलमांच्या बागेभोवती गवत काढून मोकळा पट्टा करायचा असतो. आजोबांच्या वेळी हे काम वाडी मिळून करायची, एकाची हद्द झाली की दुसऱ्याची. सड्यावर धूर दिसला की हातात हिरव्या डहाळ्या घेऊन सगळे धावायचे, आग कोणाच्या जमिनीत आहे हे नंतर. पेंढ्याची उडवी घराला लागून घालायची नाही, हे आजीने आम्हाला चालायला शिकवावं तितक्या सहज शिकवलं होतं. वनखातं जंगलात जाळरेषा काढतं तीही याच समजुतीने. ते सगळं आज तसंच आहे असं मी म्हणणार नाही. मालक मुंबईला, जमीन पडीक, गवत छातीएवढं, आणि वणवा नेमका त्याच जमिनीतून आत येतो, हे मामा दरवर्षी सांगतो. पण शेजाऱ्याचं गवत हा आपल्याही बागेचा प्रश्न आहे, हे तिथे कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

तरीही सगळा भार शेजाऱ्यांच्या परस्पर समजुतीवर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. घर कुठे असावं, दोन घरांत अंतर किती, गल्लीला बाहेर पडायला रस्ते किती, हे शेजारणीने ठरवलं नव्हतं आणि मीही नाही. ज्यांनी ठरवलं ते आज या हिशेबात कुठे आहेत?

सांता रोझा हे शहर आमच्यापासून दीड तासावर आहे. 1964 मध्ये तिथे हॅनली नावाचा वणवा लागला. त्याने ज्या डोंगराळ भागातून वाट काढली तो तेव्हा बहुतांश मोकळा होता. पुढे तिथे फाउंटनग्रोव्ह ही मोठी, देखणी वसाहत उभी राहिली. ऑक्टोबर 2017 मध्ये टब्स फायर जवळजवळ त्याच वाटेने आला आणि फाउंटनग्रोव्ह जाळून, सहापदरी महामार्ग ओलांडून, सपाटीवरच्या कॉफी पार्कमध्ये उतरला. त्या आगीत 22 माणसं गेली. 1964 चा वणवा विसरला जावा इतका जुना नव्हता. नकाशे होते, तो पाहिलेली माणसं शहरात होती. तरी प्लॉट पाडले गेले, मंजुरीच्या सह्या झाल्या, विकासकाने घरं विकली आणि तो बाहेर पडला. जोखीम मात्र घराच्या किल्ल्यांबरोबर शेवटच्या खरेदीदाराच्या हातात आली.

आमच्या टेकड्यांचा इतिहासही वेगळा नाही. 19 ऑक्टोबर 1991, शनिवारी, गवताला लागलेली एक लहान आग विझवली गेली. रविवारी वाऱ्याने ती पुन्हा भडकली. 25 माणसं मेली आणि हजारोंची घरं गेली. लाकडी फळकुट्यांची छपरं एकामागून एक पेटत गेली. अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर गाड्या अडकल्या. आजूबाजूच्या शहरांतून बंब मदतीला आले, तर ओकलंडच्या नळांची तोटी तीन इंची आणि बाकीच्यांच्या पाइपांची जोडणी अडीच इंची. पाणी समोर होतं आणि घेता येत नव्हतं. त्यानंतर छपरांचे नियम बदलले, तोट्या बदलल्या. पण जळालेल्या प्लॉटवर पुन्हा बांधलेली घरं आधीपेक्षा मोठी झाली, म्हणून एकमेकांच्या आणखी जवळ आली, आणि त्यांच्यामधले बरेचसे रस्ते तेवढेच अरुंद राहिले.

ठिणगी टाकणाऱ्याचा हिशेब कायदा मांडू शकतो, हे पॅराडाइजने दाखवलं. उच्चदाबाच्या वाहिनीवरचा, जवळपास शंभर वर्षं लटकलेला लोखंडी आकडा झिजून तुटला आणि आग लागली. जून 2020 मध्ये पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज कंपनीने 84 जणांच्या मृत्यूबद्दल सदोष मनुष्यवधाचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. तुरुंगात कोणी गेलं नाही, पण दोष कोणाचा ते नोंदलं तरी गेलं. (कोकणात काजूच्या बागा विजेच्या तारांच्या ठिणग्यांनी जळाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. बागायतदार पंचनाम्याच्या मागे फिरत राहतो.) मात्र ती ठिणगी जिथे पडणार तिथे हजारो घरं ज्यांच्या परवानगीने उभी राहिली, त्यांच्यावर खटला चालत नाही. मला हा मोठा अन्याय वाटतो.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा, की लोकांना रानात राहायची हौस आहे, तर त्यांनी स्वतःच्या जोखमीवर राहावं. ही जोखीम स्वतःपुरती राहत नाही, हे आतापर्यंत आलंच. आणि हौसेचं म्हणाल तर पॅराडाइजमधले कितीतरी जण निवृत्त, बेताच्या पेन्शनवर जगणारे होते, फिरत्या घरांत राहणारेही होते. मरण पावलेल्यांत बहुसंख्य वृद्ध होते. किनाऱ्यालगतच्या शहरांत घर परवडत नाही म्हणून माणसं डोंगराकडे सरकतात. त्या शहरांतली सुखवस्तू माणसं आपल्या गल्लीत चार मजली इमारत उठू देत नाहीत आणि डोंगरात नवी वसाहत मंजूर झाली तर त्यांचं काही बिघडत नाही. 1990 ते 2010 या वीस वर्षांत अमेरिकेत रानाला लागून किंवा रानात मिसळलेल्या घरांची संख्या 3 कोटी 8 लाखांवरून 4 कोटी 34 लाखांवर गेली. एवढी वाढ केवळ हौसेने होत नाही.

विमा कंपन्यांना मी सरसकट दोष देत नाही. जोखमीची खरी किंमत कोणीतरी सांगायलाच हवी. स्टेट फार्म या विमा कंपनीने मे 2023 मध्ये कॅलिफोर्नियात घरांचे नवे विमे थांबवले, मार्च 2024 मध्ये आणखी 72 हजार पॉलिसी चालू न ठेवण्याचं जाहीर केलं. त्यातल्या काही लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागातल्या होत्या, आणि 7 जानेवारी 2025 ला लागलेल्या वणव्यात तिथे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. कंपनीचं गणित बरोबर होतं. पण हे गणित जिथे मांडायला हवं तिथे, म्हणजे वसाहतीचा नकाशा टेबलावर असताना, मांडलं जात नाही. ते तीस-चाळीस वर्षांनी एकेका म्हाताऱ्या घरमालकाच्या पत्रपेटीत येऊन पडतं.

भिंतीलगतचे पाच फूट मोकळे ठेवण्याच्या नियमाचंही तेच. विधिमंडळाने 2020 मध्ये कायदा केला, 1 जानेवारी 2023 पर्यंत नियमावली यायला हवी होती. ती वेळेत आली नाही. दोन वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये 16 हजारांवर इमारती जळाल्यानंतर गव्हर्नरना नव्याने आदेश काढावा लागला. नियम हवाच, पण शेजारणीसारख्या बाईला दंडाची नोटीस पाठवून तो पाळला जाणार नाही. ज्युनिपर काढायला ठेकेदाराने तिला साडेचार हजार डॉलर सांगितले होते. सरकारने नियमाबरोबर ते पैसे ठेवायला हवेत, कारण ती बाग निघाली तर वाचतं ते तिचं एकटीचं घर नसतं. विमा कंपनीने एका घराऐवजी अख्ख्या गल्लीची पाहणी करून गल्लीला सवलत द्यावी. एकच रस्ता असलेल्या डोंगरात नव्या घराला परवानगी नसावी. विकासक आणि मंजुरी देणारं शहर यांच्यावर घर विकल्यानंतरही किमान काही दशकं आगीचं आर्थिक दायित्व राहावं. ते राहिलं, तर अर्धे नकाशे मंजुरीच्या टेबलापर्यंत येणारच नाहीत, असं मला खात्रीने वाटतं.

सप्टेंबरमध्ये आम्ही गल्लीतल्या सात घरांतली माणसं दोन रविवार जमलो. करवती एकाने आणल्या, ट्रक दुसऱ्याने. शेजारणीची ज्युनिपरची बाग निघाली. त्या खुर्ची टाकून अंगणात बसल्या होत्या. 1974 मध्ये नवऱ्याबरोबर त्यांनी ती स्वतः लावली होती. शेवटची फांदी ट्रकमध्ये गेली तेव्हा त्या उठून आत गेल्या, थोड्या वेळाने सगळ्यांसाठी लिंबूपाणी घेऊन बाहेर आल्या. माझ्या घराला आता राज्याच्या शेवटच्या आसऱ्याच्या योजनेतला विमा आहे, जवळजवळ तिप्पट हप्त्याचा. आगीच्या वेळी गल्लीबाहेर पडायला दुसरी वाट मिळावी म्हणून आम्ही शहराकडे अर्ज केला आहे. अर्जाची पोच मिळाली आहे. रस्ता अजून एकच आहे.