शिदोरी आणि रसद

"ह्याला शिदोरी म्हणतात होय गं?" सासूबाईंनी बिस्किटाचा चौकोन ओट्यावर आपटला. ठक्क वाजलं, पण कपचासुद्धा उडाला नाही.

शाळेत जुन्या काळचा प्रवास चालला होता, म्हणून रविवारी विनिपेगच्या आमच्या स्वयंपाकघरात मुलांनी हार्डटॅक केलं. मैदा, मीठ, पाणी. घट्ट मळायचं, जाड लाटायचं, काट्यानं टोचायचं आणि पाणी पार उडेपर्यंत भाजायचं. तेलाचं बोटही नाही, कारण तेल खवट होतं. सासूबाईंना हेच खटकलं. दशमी कशी, दुधात भिजवायची, वर तुपाचा हात फिरवायचा.

मी माझा आवडता भेद काढला. शिदोरी एका माणसासाठी बांधतात, रसद डोकी मोजून भरतात. हार्डटॅक ही खलाशांची, सैनिकांची रसद. तिला तूप कोण लावणार?

"खलाशाला आई नसते वाटतं," त्या म्हणाल्या. याला उत्तर नव्हतं, म्हणून मी पेमिकनवर गेले.

ती तर आमच्याच गावची गोष्ट. रेड नदीकाठचे मेटी लोक बायसनचं वाळवलेलं मांस कुटायचे, त्यात वितळलेली चरबी, कधी सॅस्काटून बेरी घालायचे. फरच्या व्यापाऱ्यांच्या होड्या या पेमिकनवरच चालायच्या. १८१४च्या जानेवारीत इथल्या वसाहतीचा गव्हर्नर माइल्स मॅकडॉनेल यानं ते प्रदेशाबाहेर न्यायलाच बंदी घातली; वसाहतीला पुरायला हवं ना! वसाहतीचं आणि व्यापाऱ्यांचं वैर वाढत गेलं आणि १८१६त सेव्हन ओक्सला माणसं मेली. ती जागा आता शहरातच आहे. पण घरच्यांसाठी कुटलं ती शिदोरी, फरच्या कंपनीनं पोती भरून नेली की रसद, आणि पदार्थ तोच! म्हणजे माझा भेद पदार्थात नव्हताच.

मग कशात? दशमी दोन-तीन दिवस टिकते. तेवढ्यात माणूस कुणाच्या तरी दारात पोचेल, असं बांधणारीनं धरलेलं असतं. हार्डटॅक वर्षानुवर्षं टिकतं. भाजणाऱ्यानं वाटेत दार धरलेलंच नाही. मला तेच जास्त काळजीचं वाटायला लागलं.

सासूबाई तोवर तो चौकोन बटरासारखा चहात बुडवून बसल्या होत्या. दात लावून पाहिला, पुन्हा बुडवला. धाकटीनं एकावर टोचून टोचून 'आ' काढला होता, आजीचा. तो मात्र त्यांनी बुडवला नाही. रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. परवा त्यांचं मुंबईचं विमान आहे.