सीतेचं काम

बोईसरला कारखान्यात पाळीवर राबणाऱ्या पोरांची एक चाळ होती. बायका-मुलं गावी, त्यामुळे गणपतीच्या नाटकात बाईचं काम बाप्यानेच करायचं. त्या वर्षी लंकादहन ठरलं. मारुतीसाठी चौघे भांडले, रावणासाठी दोघे. सीतेचं नाव निघालं की ज्याला त्याला काहीतरी काम आठवे.

शेवटी सगळ्यांनी कॅन्टीनमध्ये चपात्या लाटणाऱ्या पोराकडे बोट दाखवलं. जव्हारकडचा, शेलाटा, नुकतीच मिसरूड फुटलेला. "मी आचारी म्हणून का?" एवढं बोलून तो निघून गेला. त्याला लागलं ते सीतेचं नव्हे. उरलेलं काम न विचारता पदरात टाकलं, हे त्याला लागलं, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तारापूरहून येणारे एक काका नाटकाला प्रॉम्प्टिंग करायचे. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीआधी ते त्याच्या परातीशेजारी येऊन बसले.

"अण्णा साळुंके ऐकलंयस?"

"नाही काका."

"ग्रँट रोडच्या एका खानावळीत आचारी होता, पगार दहा रुपये. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढत होते. तारामती करायला बाई मिळेना. सिनेमात उभं राहणं तेव्हा इतकं कमीपणाचं, की नाचगाण्यातल्या बायकांनीही नाही म्हटलं. फाळक्यांनी ह्याला हेरलं, पंधरा देतो म्हणाले. ३ मे १९१३ला गिरगावात कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला. पुढे १९१७ला 'लंकादहन' आला. त्यात सीता अण्णाच. आणि रामही अण्णाच."

लाटणं थांबलं. "एकाच सिनेमात?"

"एकाच. पडद्यावर राम दिसला की लोक पायातल्या वहाणा काढत, म्हणतात."

"बाईचं काम करायला लाजला नसेल?"

"ते मी कसं सांगू? पण मूकपट होता. बोलायचं नाही, गायचं नाही. जे सांगायचं ते डोळ्यांनी आणि हातांनी. लाजत केलं असतं तर लोकांना कळलं असतं. पुढे तो कॅमेराही चालवायला लागला."

पोराने उरलेल्या चपात्या लाटल्या, संध्याकाळी मिशी काढली आणि सातपाटीहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशीकडून पदर कसा सावरायचा ते शिकून घेतलं. रात्री भांडी घासतानासुद्धा तो लुगडं नेसून असायचा, चालताना पाय अडकू नये म्हणून. सोबत आख्खं नाटक पाठ केलं, फक्त सीतेचं नाही.

खेळाच्या रात्री अशोकवनात मारुती अंगठी टाकून समोर उभा राहिला आणि पुढचं विसरला. काका विंगेतून सांगत होते, पण लाउडस्पीकरच्या घरघरीत ऐकू जाईना. सीतेने अंगठी उचलली, उलटसुलट करून पाहिली, मुठीत घट्ट धरली आणि म्हणाली, "ही तर माझ्या रामाची. वानरा, समुद्र ओलांडून ती घेऊन तू आलास, खरं ना?" मारुतीला सगळं आठवलं. प्रेक्षकांना चूक कळलीच नाही. भांडून मारुतीचं काम मिळवलेल्या त्या गड्याने पडदा पडताच पोराला मिठी मारली.

पुढच्या वर्षी सीतेसाठी तीन नावं आली. पोराने कुठलंच काम मागितलं नाही. "काका, या खेपेला मला लाइटिंग शिकायचंय," म्हणाला.