गुरुवारची सुट्टी

माझ्या भाच्याच्या मोशीतल्या घरी, दूरचित्रवाणी-संचाखालच्या फळीवर, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेली एक काळी पेटी आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीचा बोनस खात्यावर जमा झाला त्याच संध्याकाळी त्याने ती आणली. वयाच्या अकराव्या वर्षी ज्या खेळयंत्रासाठी त्याने दोन दिवस अन्न वर्ज्य केले होते, आणि वडिलांच्या पगाराचा आवाका ध्यानात येताच जो हट्ट त्याने तितक्याच तडकाफडकी सोडून दिला होता, त्याच जातीचे पण कैक पटींनी सरस असे हे यंत्र स्वतःच्या कमाईतून घरी आणताना त्याच्या मुद्रेवर जे तेज होते, ते पुढे मी त्याच्या लग्नात पाहिले, दुसरीकडे कोठे नाही. पहिला आठवडा जागरणात गेला. दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळी लागली. तिसऱ्या आठवड्यात अभ्रा आला.

यंदा गणपतीत त्याच्याकडे गेलो असता मी सहज चौकशी केली. तो म्हणाला, "मामा, वेळ मिळत नाही असं नाही. गुरुवारी दिवसभर घरीच असतो की. पण चालू केलं, की ते अपडेट मागतं. अपडेट होईस्तोवर मी तिथंच आडवा होतो. जाग येते तेव्हा जेवायची वेळ झालेली असते." मग थोडे थांबून, "आणि नाही झोपलो, तरी रिमोट हातात घेऊन नुसता बसतो. कुठला गेम लावावा तेच सुचत नाही." त्याच्या स्वरात दुःख होते असे म्हणवत नाही, एखाद्या दूरच्या नातलगाच्या निधनाची वार्ता सुतक फिटल्यावर कळावी, तसा तो स्वर होता.

मराठी भाषेने माणसाच्या या मनोव्यापाराचे वर्गीकरण मोठ्या मार्मिकपणे, आणि किंचित दुष्टपणेही, करून ठेवले आहे. तिकिटे जमवणाऱ्याला छंद असतो, बैल पाळणाऱ्याला शौक असतो, लग्नात पंगतीवर पंगती उठवणाऱ्याला हौस असते. पण पोराने पडद्यापुढे दोन तास काढले, की त्याला नाद लागलेला असतो. 'छंद' हा संस्कृत शब्द आवडीचा वाचक तसाच वृत्ताचाही, म्हणजे त्याच्या पोटात लय आहे, तेच ते पुन्हा करण्यातला आनंद आहे. 'हौस' आणि 'शौक' हे अरबी-फारसीच्या वाटेने येताना दरबारी थाट बरोबर घेऊन आले. नादाच्या वाट्याला मात्र, मूळचा तो ध्वनिवाचक निर्मळ शब्द असूनही, बदनामीच आली. आता छंद सुटला तर लोक हळहळतात, शौक मोडला तर 'परिस्थिती बसली' म्हणतात, आणि नाद सुटला तर पेढे वाटतात. त्यामुळे जपानी चित्रमालिकांची किंवा संगणकीय खेळांची गोडी तिशीच्या आसपास आपोआप ओसरते, तेव्हा त्या हानीची नोंद कोणत्याही दप्तरी होत नाही. आई म्हणते, सुधारला. बायको म्हणते, बरे झाले. आणि ज्याचे गेले तो इसम, आपले काही गेले असे म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे की नाही, याविषयीच साशंक असतो.

वय झाले की खेळ सुटायचाच, हे यावरचे ठरीव उत्तर. ते मला मान्य नाही, आणि अमान्य करण्यास सबळ पुरावा याच पट्ट्यात आहे. भोसरी, चिखली, मोशीपासून चाकणच्या पलीकडे खेडपर्यंतच्या, बैलगाडा शर्यतींतल्या गाडामालकांकडे पाहावे. साठी उलटलेला, गुडघे धरलेला माणूस जत्रेच्या दिवशी घाटात आपल्या गाड्याची बारी सुटताना जो थरारतो, तो त्याच्या दहाव्या वर्षीचाच थरार असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या सात वर्षांत पळवता न येणारे बैल दावणीला ठेवून पोसणारे लोक होते. याउलट माझ्या भाच्याची कथा. 'पबजी' नावाचा जो चौघांनी मिळून लढण्याचा खेळ, त्यात त्याची आणि शाळेतल्या तीन मित्रांची चौकडी २०१९ साली रोज रात्री जमत असे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली, आणि जुलै २०२१ मध्ये तो निराळ्या नावाने परत आला. सात वर्षांच्या बंदीतून बैलगाडा वाचला. दहा महिन्यांच्या बंदीतून ही चौकडी वाचली नाही.

का वाचली नाही? गाड्याची तारीख ग्रामदैवताच्या यात्रेने मुक्रर केलेली असते, ती मालकाच्या उत्साहावर अवलंबून नसते. ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव पुकारले जाणार हे साऱ्या गावाला ठाऊक असते, आणि एखाद्या वर्षी त्याचे मन लागले नाही, तरी गावाचे मन त्याला घाटापर्यंत ओढून नेते. येथून जवळच देहूला ज्यांचे घर, त्या तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हुतुतू, फुगडी अशा खेळांवरचे अभंग आहेत; आणि दर आषाढीला त्यांच्या पालखीबरोबर जाणारे पांढऱ्या मिशांचे वारकरी ज्या मोकळेपणाने फुगडी घालतात, त्यात प्रौढत्वाला बाध येतो असे कोणी म्हणत नाही. जो खेळ चार लोकांनी धरून ठेवलेला असतो, त्यातून एकट्याचे लक्ष उडून चालत नाही. अर्थात गाडामालकाच्या पक्षी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल: त्याला सवड आहे. जमिनीचा मोबदला, आणि उरलेल्या गुंठ्यांवर बांधलेल्या चाळींचे भाडे, यांनी ती सवड विकत घेतलेली आहे. त्या चाळीतला भाडेकरू पाळीवरून येऊन जी झोप काढतो, तिच्या पायावर मालकाचा शौक उभा आहे असे म्हणणे थोडे अन्यायाचे होईल. पण फारसे नाही.

आता गुरुवारविषयी. इतर ठिकाणच्या वाचकांस सांगितले पाहिजे, की विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक क्षेत्रांना निरनिराळे सुट्टीचे वार नेमून देण्याच्या पद्धतीत पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या वाट्याला गुरुवार आलेला आहे. मी १९७९ साली येथे नोकरीस लागलो तेव्हा गुरुवारची सुट्टी मला चैनीची वाटली: बाजारात गर्दी नाही, केशकर्तनालयात खोळंबा नाही. तिची किंमत मुलगी आठ वर्षांची झाल्यावर कळली. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागे, आणि निगडीच्या आमच्या वसाहतीतले प्रत्येक पोर त्या वेळी पडद्याला चिकटलेले असे. मी मात्र पहिल्या पाळीला यंत्रावर उभा. दुपारी चार वाजता घरी आल्यावर ती मला सगळी गोष्ट साभिनय सांगे, लांडग्यांच्या आवाजासकट. ती मालिका मुळात जपानमध्ये १९८९ साली निघालेली होती, हे मला कित्येक वर्षांनी समजले; 'अ‍ॅनिमे' हा शब्द आमच्या घरात येण्याच्या कितीतरी आधी ती वस्तू आलेली होती. गुरुवारी मी घरी असे, आणि मुलगी शाळेत. बापाच्या आणि मुलीच्या रिकामपणाची गाठ पडू नये अशी जणू कोणी तजवीज करून ठेवली होती. भाच्याच्या चौकडीचे तेच झाले. याला भोसरीचा गुरुवार, चाकणला गेलेल्याच्या कंपनीत रविवार, हिंजवडीवाल्याला शनिवार-रविवार, आणि चौथा जर्मनीत, जेथे आपली रात्र म्हणजे त्यांची संध्याकाळ. चौघांपैकी कोणाचीही गोडी त्या वेळी आटलेली नव्हती. आटली ती नंतर, एकेकटे खेळून.

परंतु वारांची चुकामूक हेही सगळे कारण नव्हे, कारण खेळ एकट्यानेही रंगतात, आणि पोरवयात रंगलेले आहेत. मे महिन्यातली ती दुपार आठवावी: वीज गेलेली, आई निजलेली, बाहेर ऊन, आणि करण्यासारखे जगात काहीही नाही. त्या अवस्थेला आपण कंटाळा म्हणतो, आणि मुलांना तो येऊ नये म्हणून आजकाल शिबिरांची फी भरतो. पण माझ्या मते सगळे छंद याच भांडवलावर उभे राहतात. काडेपेट्यांचे छाप जमवण्याची बुद्धी मला कंटाळ्याने दिली. भाच्याने दोनशे पानी वहीत पोकेमॉनची चित्रे क्रमवार काढली, प्रत्येकाखाली वजन आणि उंची लिहिली, तीही अशाच दुपारी. कंटाळलेला जीव हिंडतो, उचकतो, काहीतरी काढतो. प्रौढाच्या वाट्याला कंटाळा येतच नाही. येतो तो थकवा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, दोघेही गादीवर पडून छताकडे पाहतात. पण थकल्या जिवाला काही सुचत नाही, त्याला फक्त काहीतरी समोर सरकत राहिलेले हवे असते. म्हणून ज्या अंगठ्याला खेळाची कळ दाबवत नाही, तोच अंगठा मोबाइलवर अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती तासभर वर ढकलू शकतो.

आणि हा थकवा शेतकऱ्याच्या थकव्यासारखा नव्हे. शेताचा थकवा हंगामाबरोबर येतो आणि जातो. भाच्याची पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणजे शरीराने एका झोपेशी तह करावा तोच तो मोडतो. रात्रपाळीच्या आठवड्यात दोन खोल्यांच्या घरात, कुकरच्या शिट्ट्या आणि दारावरची घंटा यांच्यामधून, दिवसा चार तास झोप मिळाली तर नशीब. त्याच्या यंत्रावर एक नग तीन मिनिटे चाळीस सेकंदांत उतरतो, आणि तो किती सेकंदांत उतरला हे समोरच्या फलकावर दिसते. आठ तास असे मोजले गेल्यावर तो घरी येऊन खेळ उघडतो, तर तेथे काय? रोज येऊन गेल्याबद्दल बक्षीस, एक दिवस चुकला तर मालिका तुटली, आठवड्याचे काम पुरे केले तर जादा नाणी. तो एकदा हसून म्हणालाही, "मामा, तिथंपण मस्टरच आहे." डच इतिहासकार योहान हाउझिंगा याने १९३८ सालच्या आपल्या ग्रंथात खेळाचे लक्षण असे सांगितले, की तो नित्य व्यवहाराच्या बाहेर, स्वतःच्या वेगळ्या वेळेत आणि स्वतःच्या आखलेल्या जागेत चालतो. त्या कुंपणाच्या आत हजेरीपुस्तक शिरल्यावर मन लागले नाही, तर दोष मनाचा म्हणावा काय?

येथे एक सावधगिरी. ज्याला खेळच काय, पण जेवण, मित्र, मुलाचे बोलणे, काहीच गोड लागेनासे होते आणि आठवडेच्या आठवडे तसेच जातात, त्याचे प्रकरण वेगळे. तो विकार आहे, त्यावर औषध आहे, आणि त्याने माझ्यासारख्याचे लेख वाचत न बसता डॉक्टर गाठावा.

वर पोकेमॉनचा उल्लेख आला, त्याची जन्मकथा येथे सांगण्याजोगी आहे. सातोशी ताजिरी हा त्याचा कर्ता टोकियोजवळच्या माचिदा या गावात वाढला, आणि लहानपणी त्याला किडे पकडण्याचे असे वेड होते, की सवंगडी त्याला किड्यांचा डॉक्टर म्हणत. पुढे शहर पसरले, शेते आणि डबकी बुजून त्यांवर घरे-दुकाने आली, किडे गेले. आकुर्डी, चिंचवड, भोसरीला हे वर्णन अपरिचित नाही: १९५४ साली पिंपरीत प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, सातबारे बदलत गेले, आणि चतुराच्या शेपटीला दोरा बांधून हिंडण्याचे माळ शेडखाली गेले. ताजिरीने १९९६ साली जो खेळ बाजारात आणला, त्यात मुलांनी गवतात हिंडून जीव धरायचे आणि एकमेकांशी अदलाबदल करायची होती. हरवलेला छंद त्याने यंत्रात पुन्हा वसवला. ही कथा तरुणांपुढे बोधकथा म्हणून सांगण्याचा मोह होतो, तो आवरावा. असा ताजिरी एखादाच. बाकीच्यांचे किडे गेले ते गेले. त्याचप्रमाणे, खेळामुळे हात-डोळ्यांचा मेळ बसला आणि पोरगा पुढे यंत्रावर तरबेज झाला, हे खेळाच्या बाजूने केले जाणारे समर्थनही मला रुचत नाही. ज्या गोष्टीने एका मुलाला आठ-दहा वर्षे निखळ सुख दिले, तिला उपयुक्ततेचा दाखला काढायला कचेरीत कशाला पाठवायचे?

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आसपासही मी मोशीला होतो. खाली वाहनतळाच्या कोपऱ्यात सोसायटीची पोरे किल्ला करत होती. विटा, गोणपाट, आणि बांधकामावरून आणलेली लाल माती. पहिली पाळी करून भाचा आला, जेवणाचा डबा हातात, गणवेश अंगावर, आणि नुसता पाहत उभा राहिला.

"कुठला करताय?"

"रायगड."

"दरवर्षी रायगडच? चाकणचा करा की."

"चाकणला कुठंय किल्ला?" एक मुलगा म्हणाला, "तिथं तर ट्रॅफिक असतं."

तेव्हा त्याने डबा माझ्याकडे दिला आणि उकिडवा बसला. संग्रामदुर्ग हा डोंगरावरचा नव्हे तर भुईकोट, १६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेला फिरंगोजी नरसाळ्याने तेथे जवळजवळ दोन महिने थोपवले, आणि सगळा भरवसा खंदकावर होता, हे सांगता सांगता त्याने बोटानेच जमिनीवर चौक आखला. पोरांना सपाट किल्ला पसंत नव्हता. पण खंदक, आणि त्यात खरे पाणी, ही कल्पना पटली. खणले, ओतले, मुरले. पुन्हा ओतले, पुन्हा मुरले. कोणीतरी सिमेंट सुचवले, ते आईच्या धाकाने रद्द झाले. मग तो वर गेला आणि माळ्यावरून त्या काळ्या पेटीचे रिकामे खोके घेऊन आला. आतला जाड प्लॅस्टिकचा कागद त्याने खंदकात अंथरला, कडांवर मातीची ढेकळे दाबली, आणि कोपऱ्यातली घडी नखाने इतक्या वेळा सारखी केली, की त्याच्या बायकोने सज्जातून दोनदा हाक मारली ती त्याला ऐकू आली नाही.

पाणी राहिले. एका मुलीने घरून रबरी मगर आणून त्यात सोडली. चाकणच्या खंदकात मगरी होत्या की नाही, हा प्रश्न त्याने काढला नाही. मगरीचे तोंड शाहिस्तेखानाकडे करायचे का, एवढेच विचारले.